आखाजीला दिलेला दोर

दात घासायचा लाल ब्रश, अर्धे केस झडलेला. घरात त्याने कधीच कोणी दात घासले नव्हते.

अंजनाला बी दरवर्षी धरत नाही. तीन वर्षं झाड नुसतं उभं राहतं, चौथ्या वर्षी एकदम लगडतं.

वच्छलाबाईला करकर खपत नसे. जातं, दाराचं बिजागर, रहाट, गाडीचा आख, जे करकरेल त्याला ती एरंडेल पाजायची.

"नियम ९. सदर दोर अन्य कोणत्याही कार्यास योजू नये."

चिमठाण्याच्या एका घरात आढ्याला निळा पट्टा बांधलेला आहे. त्याला धरून खाटेवरचा माणूस कूस बदलतो.

खटका लागला की आवाज येतो. टक्. तेवढाच.

१२० फूट

दोर आला तिथपासून सांगायला हवं.

दोंडाईच्याचे सुरेशचंद शेठ रानातल्या बियांचा व्यापार करायचे. त्या काळात सरकारने जिकडेतिकडे झाडं लावायचं मनावर घेतलं होतं आणि रोपवाटिकांना पोत्यांनी बी लागत होतं. लिंबोळी, बाभूळ, खैर हे बी बाया खालच्या खाली वेचून आणत. अंजनाचं तसं नाही. त्याची शेंग म्हणजे कागदाच्या चिठोऱ्यासारखं पातं, टोकाला एकच बी. पिकली की वारा घेऊन जातो, आणि खाली सापडते ती किडीने खाल्लेली. चांगलं बी हवं तर वर जाऊनच काढायचं. अंजनाचं खोड पंचवीस-तीस फूट सरळसोट, हाताला धरायला काही नाही.

१९८४ साली मुंबईच्या कुठल्याशा डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळाने गाशा गुंडाळला. त्यांचं सामान शेठनी एका पत्र्याच्या पेटीतून दोंडाईच्याला आणवलं. पेटीत एकशे वीस फूट पांढरा दोर, कमरेचा निळा पट्टा, पायाच्या रिकिबी, आणि तळहाताएवढी दोन यंत्रं. यंत्राच्या पोटातून दोर ओवायचा. आत स्प्रिंगवर बसवलेली दातेरी जीभ. यंत्र वर ढकललं की सरकतं. खाली ओढलं की दात दोरात रुततात आणि जागचं हलत नाही. एक यंत्र कमरेला, दुसरं पायाला. पायावर उभं राहायचं, कमरेचं वर सरकवायचं, पट्ट्यात बसायचं, पाय वर घ्यायचा. असं हातभर हातभर माणूस आभाळात जातो.

ते पाहिल्याबरोबर चुडामण म्हणाला, "हाऊ खेकडा शे."

"खेकडा म्हणा की विंचू म्हणा," शेठ म्हणाले, "मला अंजनाचं बी पाहिजे."

तेव्हापासून तो खेकडाच झाला.

चढायचा तो चुडामण. खाली राहायचा तो पितांबर. पितांबर सोनगीरचा, चुडामण चिमठाण्याचा. पितांबरची धाकटी बहीण प्रमिला चुडामणला दिलेली. लग्नाला वर्षं लोटली तरी पितांबर त्याला पाव्हनाच म्हणायचा. चुडामण हाडापेराने हलका, तोंडाने फटकळ. झाडावर गेला की त्याची बडबड वाढायची. पितांबर मुळातच कमी बोलणारा, शिवाय मान वर करून बोलायचं म्हणजे नरडं आवळतं.

खेकडे, दोर, पट्टा, सगळं सांभाळायचं काम पितांबरचं. पेटीत इंग्रजी कागद होता. दोंडाईच्याच्या पंडित गुरुजींनी तो मराठीत उतरवून दिला, त्यांच्या वळणदार अक्षरात आणि त्यांच्या वळणाच्या मराठीत. तो पेटीच्या झाकणाला आतून खळीने चिकटवला होता.

*नियम ३. दंतपंक्तीत अडकलेले तंतू मृदू कुंचल्याने दूर करावेत.*

म्हणजे लाल ब्रश. रोज संध्याकाळी पितांबर ओसरीवर पेटी उघडायचा. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून दाताच्या फटीतली दोराची लव काढायची, जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडं करायचं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब काडेपेटीच्या काडीने जिभेच्या खिळ्यावर सोडायचा आणि खेकडा उताणा धरून बसायचं, तेल जिरेपर्यंत. थेंब दातावर उतरता कामा नये.

*नियम ४. दंतपंक्तीस तैल सर्वथा वर्ज्य.*

वच्छलाबाई, त्याची आई, म्हणायची, "पोऱ्याले इतलं कधी न्हावाडं नही तुनी." पोराला कधी इतकं न्हाऊ घातलं नाहीस.

दुसऱ्या वर्षी पुढचे दात झिजले. बोट फिरवलं तर घासून घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे लागायचे. शेठनी मुंबईला पत्र घातलं. ते ज्या दुकानाला घातलं ते दुकानच राहिलं नव्हतं. मग सोनगीरच्या तांबटाकडून पितांबरने बारीक कानशीने दात पुन्हा कोरून घेतले. धार आली, पण जीभ तेवढीच पातळ झाली. पुढल्या वर्षी पुन्हा कोरले. तिसऱ्यांदा तांबट म्हणाला, "आता यात कोरायला काय ठेवलंय? दात राहतील, हिरडी जाईल."

तोवर एखादं-दुसरं धरलेलं झाड शोधून चढत. त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, सगळे अंजन लगडले.

झोक्याची फांदी, १४ फूट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रमिला माहेरी आली, दोन्ही पोरी घेऊन. मागोमाग दुसऱ्या दिवशी चुडामणही आला, आंबे खायला. आळीतल्या आठ-दहा लेकी जमल्या. अंगणातल्या निंबावर दरसाल झोका बांधायचा, पण घरातला नाडा उंदराने खाल्ला होता आणि रहाटाचा दोर रहाटाला हवा होता.

"भाऊ, पेटीमातला दोर दी दे," प्रमिला म्हणाली.

"तो झाडवर चढाना दोर शे."

"मंग झोका काय जमिनवर बांधतस?"

बाया हसल्या. पितांबरने कागदाकडे बोट केलं. "लिखेल शे. दुसरा कामले वापरू नही."

"दुसरं काम कोनतं त्यामा? तुमनामा बी माणूस दोरवर लोंबकळस, आमनामा बी माणूसच लोंबकळस. का आम्हीन माणसं नहीत?"

चुडामण उंबऱ्यावर बसून आंब्याची कोय चोखत होता. "दी दे रे भाऊ," तो म्हणाला, "नहीतं आखाजीभर माले बोली बोली मारी टाकी."

पितांबरने दोर दिला. स्वतः वर चढून बांधला. मधला भाग निंबाच्या आडव्या फांदीवरून घेतला, फांदीला पोतं गुंडाळलं, म्हणजे दोर घासू नये. त्याला वाटलं, कागदाची इज्जत राहिली.

दुसऱ्या दिवशी खैराच्या बियांची पोती घेऊन त्याला दोंडाईच्याला जावं लागलं. तिथं सुरेशचंद शेठनी थांबवून घेतलं. परत आला तेव्हा तिसरा दिवस कलला होता. अंगणात पोरी झोक्यावर होत्या, आणि झोक्याचा आवाज येत नव्हता. त्याला आधी बरं वाटलं. मग बरं वाटेना.

फांदीवरचं पोतं कधीच खाली पडलं होतं. दोराचा मधला भाग पिवळट दिसत होता.

"माय, हाई काय?"

"रातदिन करकर करी राहिंता," वच्छलाबाई म्हणाली. "प्रमिला म्हने माय, कान किटनात. टाकं एरंडेल."

"कितलं?"

"वाटीभर. पी गया ना तो बठ्ठं. तान्हेला व्हता." दोर सगळं तेल पिऊन गेला, तहानलेला होता म्हणे.

पितांबरने पडलेलं पोतं उचलून झटकलं. आईला काय बोलणार? घरात जावई झोपलेला. तेल घातलं तेव्हा तो पारावर पत्ते कुटत होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

५६ ते ६४

दोराच्या एका टोकापासून मोजलं तर छप्पन्नाव्या फुटापासून चौसष्टाव्या फुटापर्यंत तेल पोचलं होतं.

लेकी सासरी गेल्यावर त्याने दोर धुतला. रिठ्याच्या कोमट पाण्यात तीनदा. कागदात रिठा नव्हता, नुसतं पाणी होतं. पण कागदात एरंडेलही कुठं होतं? दोन दिवस सावलीत वाळवला. मग हुंगला. वास येत नव्हता. निंबाच्या बुंध्याला बांधून तेलाच्या पट्ट्यावर खेकडा लावला, कमरेला घेतला आणि अंग टाकून दिलं. खेकड्याने धरलं. पुन्हा टाकलं. पुन्हा धरलं.

पण त्या दोराची रचना अशी की वरून विणलेली साल आणि आत धाग्यांचा गाभा. साल धुतली जाते. गाभा प्यायलेला असतो तो प्यायलेलाच राहतो. ऊन लागलं, वजन पडलं, की तो हळूहळू ओकतो. पितांबरला हे तेव्हा माहीत नव्हतं. त्याने परीक्षा घेतली ती सकाळी, गारव्यात, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर.

चुडामणला सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि चढलाही असता कदाचित. पण संध्याकाळी चिमठाण्याला जाऊन प्रमिलाला म्हणाला असता, तुझ्या मायने माझ्या दोराला फोडणी दिली. मग ते चिमठाणेभर झालं असतं, आणि पुढल्या आखाजीला वच्छलाबाईने जावयाला तोंड दाखवलं नसतं. शिवाय नवा दोर आणायचा कुठून? अंजनाच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या होत्या. आठ दिवस, फार तर दहा.

तेव्हा त्याने ठरवलं, आपणच सांभाळून घ्यायचं. दोर फांदीवरून टाकताना तेलाचा पट्टा फांदीच्या पलीकडे ठेवायचा, बांधलेल्या बाजूला. तिकडे खेकडा चालतच नाही. तिकडचा दोर नुसता ताणून धरतो.

हिशेब चोख होता.

० फूट

सोनगीरच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटाशी तो अंजन होता. आखाजीनंतरचा बारावा दिवस. चुडामणने गोफणीने दगड भिरकावला, दगडाला सुतळी, सुतळीला दोर. चव्वेचाळीस फुटांवरच्या फांदीवरून दोर आला. पितांबरने स्वतः ओढून घेतला, चढायच्या बाजूचं टोक जमिनीला जेमतेम टेकेल इतकाच. पलीकडची बाजू लांब राहिली. ती त्याने पंचवीस फुटांवरच्या धावड्याच्या झाडाला बांधली. तेलाचा पट्टा पलीकडे. त्याने मान वर करून दोनदा पाहिलं.

"इतला लांब कसाले बांधं?" चुडामणने विचारलं.

"धावडा भक्कम शे."

मग पितांबर घागर घेऊन झिऱ्यावर गेला. ऊन चढायच्या आत पाणी भरून ठेवायचं असा दोघांचा नेम होता. झिरा आटत आलेला. वाटी वाटीने घागर भरायला वेळ लागला.

इकडे चुडामणने धावड्याला हात लावला. वाळवीने आतून पोखरलेला. बुंध्यावर थाप मारली तर भोपळ्यासारखा वाजला. त्याने गाठ सोडली आणि दोर अंजनाच्याच बुंध्याला बांधला. आता पलीकडे एवढा दोर लागत नव्हता, म्हणून उरलेला अलीकडे ओढून घेतला. पंचवीस-सव्वीस फूट.

कोणीही शहाणा माणूस हेच करेल. दोराबद्दल जे माहीत होतं त्यावरून त्याने बरोबर केलं.

२१ फूट

पितांबर घागर घेऊन आला तेव्हा चुडामण वर होता, आणि अंजनाच्या बुडाशी दोराचं वेटोळं पडलं होतं. टोपलीभर. जिथं टोक जेमतेम टेकायला हवं होतं तिथं टोपलीभर दोर.

त्याने डोक्यातल्या डोक्यात मोजलं. मोजायला काही लागलं नाही. ते आकडे आठ दिवस त्याच्या डोक्यात होतेच. तेलाचा पट्टा आता अलीकडे होता. तिसाव्या फुटापासून अडतिसाव्यापर्यंत.

"पाव्हना."

"काय?"

"खाली ये."

"कसाले? साप शे का?"

पितांबरच्या तोंडात शब्द होता. तेल. एवढाच. पण तो एकटा बाहेर येत नव्हता. त्याच्यामागे आई येत होती, प्रमिला येत होती, झोका, वाटी, रिठे आणि आठ दिवस न बोललेलं सगळं येत होतं.

"तसं नही. जरा थांब."

"थांबसू तं पाय भराई जाई. वर जाईसनच बसस आते."

खाली यायचं तर खेकड्याचे दात एकेकदा सोडवत यायचं, चढण्याच्या तिप्पट वेळ. आणि अंगणात धरलं होतं. पितांबरने स्वतःला सांगितलं, अंगणात दोनदा धरलं होतं.

त्याने घागर खाली ठेवली आणि मान वर करून उभा राहिला.

३४ फूट

"पितांबरभाऊ, दोर ओला शे का?"

"नही."

"हातले वलं लागस."

मग कमरेचा खेकडा वीतभर घसरला आणि थांबला. चुडामण हसला. "तुन्हा खेकडाले दात येवाले पाहिजेत परत. म्हातारा व्हयना."

"पाव्हना, पायवर उभा ऱ्हाय. पायवरच. कमरवर बसू नको."

"पायना बी..."

ते वाक्य तेवढंच राहिलं. दोन्ही खेकडे पट्ट्यावर होते. दोन्ही एकदम सुटले. तेलाने माखलेली लव दातांत बसली होती, त्यामुळे खालच्या कोरड्या दोरावरही दात रुतले नाहीत, नुसती दोराची साल ओरबाडत आले. साल गोळा होत खाली आली, तिच्यासोबत चुडामण. त्याने दोन्ही हातांनी दोर धरला होता. हात शेवटपर्यंत सुटले नाहीत.

खाली काळा दगड होता. पाठ त्यावर आली.

घागर मात्र कलंडली नाही.

पुन्हा ०

कमरेचा खेकडा पितांबरने सोडवला. खटका बंद होता. हा खटका म्हणजे बाजूची छोटी पट्टी. ती लावली नाही तर जीभ उघडून दोर यंत्रातून बाहेर निसटू शकतो. चुडामणने तो लावलेला होता. पितांबरने अंगठ्याने दाबून उघडला, टक्.

निंबा नावाच्या गुराख्याने गाडी जुंपून आणली. गाडीने हायवेपर्यंत, हायवेवरून इंदूरकडून आलेल्या कांद्याच्या ट्रकने धुळ्यापर्यंत. ट्रकवाल्याने पोती हलवून जागा करून दिली. चुडामण शुद्धीवर यायचा आणि जायचा. एकदा म्हणाला, "पाय कोठे शेत?" पितांबरने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आठेच शेत." चुडामणला तो हात कळला नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस पाहिलं आणि सांगितलं ते थोडक्यात असं, कमरेखाली आता काही यायचं नाही.

त्याच्या आधी, पहिल्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, पितांबर एकदा सोनगीरला आला होता. कपडे न्यायला म्हणून. निंबाने घरी पोचवलेल्या पेटीतून त्याने दोर काढला, तेलाचा आठ फुटांचा तुकडा कोयत्याने कापला आणि चुलीत घातला. काळा धूर निघाला.

"कसाना वास येई राहिना?" वच्छलाबाईने विचारलं.

"प्लास्टिक शे."

"एरंडेलना वाटस," ती म्हणाली आणि शेणाच्या गवऱ्या थापायला निघून गेली. तिला त्यात जोडण्यासारखं काहीच वाटलं नाही. करकरणाऱ्या वस्तूला तेल द्यायचं, त्याने कोणाचं वाईट होतं?

सुरेशचंद शेठ दवाखान्यात आले. मोहनबाईंनी, त्यांच्या पत्नीने, डब्यात शिरा दिला होता. पितांबरने पेटी तिथं आणून ठेवली होती; दोर फांदीत अडकला म्हणून मधून कापावा लागला, असं तो म्हणाला. शेठनी उरलेला दोर हातात घेऊन पाहिला, खेकडे पाहिले, खटका दोन-चारदा उघडला, लावला.

"दोर तर तुटला नाही. साल निघाली फक्त," ते म्हणाले. "मला वाटतं, घाईत खटका लावायचा राहिला असेल. माणूस आहे, होतं."

ते वाईट बोलले नाहीत. विचार करून, दुःखाने बोलले. चुडामण ऐकत होता. त्याला वेटोळ्यापासून ट्रकपर्यंतचं काहीच आठवत नव्हतं, ना ओला दोर ना स्वतःचं हसणं. रिकाम्या जागेत खटका जाऊन बसला.

पितांबर खाटेच्या पायथ्याशी उभा होता.

खटका

पहिल्या महिन्यात :

"भाऊ, मी खटका लावा व्हता का?"

"माले खालथीन दिसनं नही."

सहाव्या महिन्यात :

"आठवी देख. टक् वाजनं व्हतं का?"

"मी झिरावर व्हतू."

दीड वर्षाने :

"मी कधीच इसरू नही. चार वरीसमा एकदा बी इसरनू नही. मंग त्याच दिन कसा इसरनू?"

"जाऊ दे ना पाव्हना."

प्रमिला पहिल्यांदा रडली. मग रडायची थांबली. दोन पोरी, घरचं सगळं, दुसऱ्याच्या शेतात निंदणी, आणि खाटेवरचा नवरा, त्याला दिवसातून चारदा कुशीवर करायचा. पितांबरने आढ्याला कमरेचा निळा पट्टा बांधून दिला तेव्हा तिला जरा सोपं झालं. पण तिचं बोलणं बदललं. आधी ती चुडामणला हसत टोमणे मारायची, आता हसणं गेलं, टोमणे राहिले.

"एक खटका," ती भांडी घासता घासता म्हणायची. "एक बोटनं काम. तितलं व्हयनं नही तुमनथीन."

चुडामण ऐकून घ्यायचा. पूर्वीचा चुडामण एकाला दोन परतवायचा. आता म्हणायचा, "चुकनंच ना मन्हं."

दर खेपेला पितांबर चिमठाण्याहून सोनगीरला परतताना बसमध्ये तेच मांडून बघायचा. आज सांगितलं तर काय होईल. चुडामणचा जीव मोकळा होईल. तो विसरला नव्हता हे त्याला कळेल. आणि त्याच क्षणी प्रमिलाला कळेल की दोर कोणी मागितला, कान कोणाचे किटले, वाटी कोणाच्या सांगण्यावरून आली. मग तिच्या हाताने ती नवऱ्याला कुशीवर करेल तेव्हा काय करेल? आज ती चिडून करते. चिडीला तरी जोर असतो. त्या दिवसानंतर हात उचलेल का तिचा? आणि घरी म्हातारी.

स्वतःचं पाप एकट्याचं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण ते तिघांत वाटलेलं होतं, आणि दोघींना माहीत नव्हतं की आपल्या वाट्याला काही आलंय.

बसच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. तो तिकडे पाहायचा नाही.

नव्वद सालची आखाजी

प्रमिलाला तीन वर्षांत माहेरी येता आलं नव्हतं, म्हणून पितांबरच आंबे आणि लुगडं घेऊन चिमठाण्याला गेला. घरात शिरताना त्याला पोरींच्या गाण्याचा आवाज आला, शेजारच्या अंगणातून. थोरली दहा वर्षांची झाली होती. ती गाणं म्हणायला गेली नव्हती, बापाचं भांडं धुवून आणत होती.

प्रमिला चुलीपाशी भाकरी थापत होती. चुडामणची दाढी वाढलेली, हात मात्र अजून चढणाऱ्याचेच, निळा पट्टा धरून धरून अधिकच पिळदार झालेले. तळव्यांवर दोराने पडलेले दोन पांढरे चट्टे.

"बठ, भाऊ."

पितांबर बसला. आंब्यांचं बोलणं झालं, पावसाचं झालं. शेठनी बियांचा धंदा बंद करून कापसाच्या सरकीचा सुरू केला ते झालं. खेकडे कुठं आहेत, चुडामणने विचारलं. पेटीत, पितांबर म्हणाला. अजून साफ करतो. महिन्यातून एकदा.

"कसाले?"

"गंज चढस."

चुडामणने पट्ट्यावरचा हात सोडला. मग मान वळवली.

"भाऊ, एक इचारस. हाई शेवटलं. परत नही इचारावं." तो हळू बोलत होता, पण घर लहान होतं. "पडनू तवय तू माले सोडं व्हतं ना दोरवरथीन? तुन्हाच हातखाल खेकडा व्हता. मी दवाखानामा इचारं तवय तू सांगं, खालथीन दिसनं नही. पण सोडताना तं दिसनं असी. खटका लागेल व्हता का उघडा?"

चुलीपाशी भाकरीचा थपथप आवाज थांबला.

पितांबरने तिकडे पाहिलं नाही. त्याला माहीत होतं, तिथं दोन हात पिठात तसेच धरलेले आहेत आणि ती ऐकते आहे. लागलेला होता म्हटलं, तर पुढला प्रश्न येणारच. मग काय झालं? लागलेला होता तर पडला कसा? तीन वर्षं त्याने पुढल्या प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं, दोर जुना, दात झिजलेले, मुंबईवाल्यांनी फसवलं, सगळी सांगून पाहिली होती मनात. चुडामणला दोर माहीत होता. दोराविषयी चुडामणशी खोटं बोलता येणार नव्हतं. खोटं बोलायला फक्त खटक्याएवढी जागा होती.

"उघडा व्हता," पितांबर म्हणाला.

चुडामणने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर काही फार बदललं नाही. बऱ्याच दिवसांचं ओझं खांद्यावर नीट बसवून घेतल्यासारखी त्याने मान उशीवर सरळ केली.

"मंग बरं," तो म्हणाला. "मी उगाच यंत्रवर संशय घी राहिंतू."

थपथप पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

"मी काय सांगस तीन वरीसपाईन," प्रमिला म्हणाली, भिंतीकडे तोंड करून. "एक बोटनं काम."

"सांगं ना आते भाऊनी," चुडामण म्हणाला. "चुकनं मन्हंच."

तिने भाकरी तव्यावर टाकली. पितांबरला जेवूनच जायला सांगितलं. तो जेवला. चुडामणला तिने भरवलं नाही, ताट छातीवर ठेवून दिलं. हात चांगले होते त्याचे. पितांबरने दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरीला नको म्हणाला, तरी तिने वाढली. दुपारची बस दोन वाजता होती.

सोनगीरच्या मांडवात, १९७८ साली, कानपिळीला, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, चुडामणचा कान पितांबरने पिळला होता, आणि चुडामणने त्याला टॉवेल-टोपी दिली होती.